बेचिराख

तलाठ्याच्या वहीत गावापुढे एवढंच: बेचिराख.
माझ्या फॉर्मवर कन्नडात, ओळीनं,
कुटुंबं शून्य. पुरुष शून्य. बायका शून्य.
तरी जाऊन बघायचं, असा नियम.

हेमाडग्याहून चालत निघालो, मोज्यांत जळवा.
पुढे देमाण्णा गावडे,
एरवी खानापुरात कौलांच्या भट्टीवर.
एका ठिकाणी, नुसत्या कारवीत,
त्यानं चपला काढल्या
आणि मान वाकवून आत गेला.
दार नव्हतं. भिंत नव्हती.
मीही वाकलो, का कोण जाणे.

आत गव्याचं शेण, ताजं.
"हितं जातं. हितं आयची बाज.
पल्याड रेमाणी, तिचं भिरंड अजून धरतंय."
मग फणसांवर बोटं वाजवत सुटला,
एकेकाला कान लावून,
घरात कोण हाय काय, विचारल्यागत.
वानरांनी दोन आधीच फोडलेले.

शेवटचा रकाना: माहिती देणाऱ्याची सही.
"अंगठा चालंल?"
चिकानं माखलेला अंगठा.

ऑफिसात पान उलटेना.
शून्याचं पान पुढच्या गावाला चिकटलेलं,
तिथली माणसं एकशे बारा.
साहेब म्हणाले,
ओढू नका, फाटेल.