पाहणी, बफेलो

घर एकोणतीस हजार डॉलरला.
छपराकडे मान वर करून वॉयटेक म्हणाला, चौदा.
घर तापवणारी भट्टी मेलेली, सहा.
वायरिंगसाठी त्यानं भिंत बोटानं वाजवली
आणि आकडा सांगायच्या आधी खोकला.

मार्वेला प्रूइट, एकतीस वर्षं सिटी बस चालवून निवृत्त,
पुठ्ठ्यावर मांडत गेली.
भाडं अकराशे. वर्षाचा एक महिना रिकामाच धरायचा.
कर, विमा, बर्फ उपसणाऱ्या पोराचे वेगळे.
नाकापेक्षा मोती जड होत चालला होता.

"खाली बघू," ती म्हणाली.

तळघरात प्रत्येक व्हॉल्व्हला तारेनं बांधलेली चिठ्ठी,
अक्षर रेखीव, जरा थरथरतं.
"हा डावीकडे. घाई नको."
"अठ्ठ्याऐंशीत बदलला. अजून चांगला आहे."
"याच्यावर विसंबू नये."
आणि जिथं पाइप भिंतीत शिरतो तिथं,
"यापुढे काय आहे, मलाही ठाऊक नाही."

न विसंबण्याचा व्हॉल्व्ह वॉयटेकनं फिरवून पाहिला.
गळला.
त्यानं नळकामातले दोन हजार मुकाट खोडले.
एवढा खरा माल विकणाऱ्या एजंटानं
दाखवलासुद्धा नव्हता.

मार्वेलानं तळाशी एक ओळ वाढवली,
एकूण खर्चाच्या पंधरा टक्के,
कशासाठी त्या रकान्यात लिहिलं,
"मलाही ठाऊक नाही."
मग बेरीज केली. पुन्हा केली.
जमली म्हणवत नव्हतं, सोडवतही नव्हतं.

वर आल्यावर तळघराचं दार
तिनं नीट ओढून घेतलं,
ऊब निसटू नये म्हणून.
भट्टी तर मेलेली होती.