नमुना

दहा पानं, बास. अकरावं वाचलं जाणार नाही.
लिखाण स्वतःचं हवं, दुसऱ्या कुणाचा हात न लागलेलं.
अशिलाचं नाव झाकलेलं असावं.
दुबईच्या फर्मचा मेल एवढाच,
आणि रुवीतल्या या खोलीत
तीन रात्री मी सात वर्षं उपसतेय.

हात न लागलेलं?
माझ्या एकेका मसुद्यावर कुरियन साहेबांची हिरवी शाई.
'फसवणूक' होती, तिची 'तफावत' झाली.
'नकार दिला'चं 'उत्तर प्रलंबित'.
ध चा मा आमच्याकडे पगारी होतो.
खाली सही त्यांची. चहाचे डाग तेवढे माझे.

एकच सापडलं.
साहेब ईस्टरला कोट्टायमला होते
आणि मुदत रविवारी संपत होती, तेव्हाचं.
सोहार बंदरावरचा क्रेनवाला, मूळचा खेडचा,
हुसेन इस्माईल परकार.
बिस्किटांच्या डब्यात चौदा वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या,
आणि सगळ्यात वर अकरा कोऱ्या,
फक्त तारीख घातलेल्या.
"बाय, महिना कोरा तर चिठ्ठी पण कोरी."
मी काही म्हटलं नाही.
परिशिष्ट क म्हणून जोडल्या.

आता त्याचं नाव एकतीस वेळा आहे
आणि एकतीस काळ्या पट्ट्या मी ओढल्या, सरळ, नीटनेटक्या.
मग सहज एक पट्टी निवडून
दुसऱ्या पानावर चिकटवली
तर खालून नाव जसंच्या तसं वर आलं,
इस्माईलसकट.
पट्टी नुसती पांघरूण होती.

पुन्हा बसले. एकेक अक्षर खोडून 'वादी' लिहिलं.
एकतीस वेळा.
सतराव्याला खालच्या इस्त्रीवाल्याने शटर ओढलं,
पंचविसाव्याला पहाटेची बांग झाली.
त्याला सात महिन्यांचे पैसे मिळाले होते.
चार अजून तफावतीत आहेत.

परिच्छेद कापले, दोन दाखले गाळले,
एक विशेषण होतं, आवडतं, तेही गेलं.
बरोबर दहा पानं.
परिशिष्ट क अकरावं येतं.
वाचण्यासारखं त्यात काही नाही,
अकरा तारखा, आणि त्यांच्यापुढे कागद.

शेंडेफळ म्हणून लाडावलेली मी.
हट्टाला पेटले की आई म्हणायची,
काय नमुना आहे ही पोरगी.

अकरा पानांची फाइल जोडली.
पाठवली.