बाहत्तर पायऱ्या

सहावी ‘ब’ तिसऱ्या मजल्यावर.
तिथून ऑफिसातल्या कपाटापर्यंत
बाहत्तर पायऱ्या. मोजल्यात मी.
पंप कपाटात,
किल्ली उंडे क्लार्कांच्या खिशात,
आणि उंडे गेलेले बँकेत, चलन भरायला.

नियम म्हणतो, औषधं कुलुपात.
नियम कधी जिना चढलेला नाही.

सुमैया तांबोळी मधल्या पायरीवर बसलेली,
कोपरं गुडघ्यांवर, खांदे कानांपाशी,
गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत.
छातीत सुरसुर,
कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते तसली.
मी विचारलं, नाव सांग.
‘सु’ म्हणाली. थांबली.
मग ‘मैया’.

नावाचे दोन तुकडे झाले की मी घाबरते.
एकोणीस वर्षं झाली नोकरीला, अजून घाबरते.

ढमढेरे मामांनी घंटेचा हातोडा आणला
आणि एका टोल्यात कुलूप पाडलं.
स्पेसर नव्हता. पाण्याच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडलं,
पंप त्यात खुपसला, बाटलीचं तोंड तिच्या ओठांत.
एक फवारा, पाच श्वास.
पुन्हा.
पुन्हा.
चौथ्या खेपेला ती म्हणाली, ‘सिस्टर, बाटली माझीये.’
सगळं वाक्य, एका दमात.

आई मुंढव्याहून रिक्षाने आली.
कानाशी येऊन म्हणाली,
पंपाचं कुणाला सांगू नका,
मुलीची जात आहे, उद्या स्थळं बघायची.
अकरा वर्षांची पोर तेव्हा
भोकाला डोळा लावून छत बघत होती.

रात्री ठरावाचा मसुदा लिहिला.
ठरावाची भाषा मला येत नाही, म्हणून साधंच लिहिलं:
पंप मुलाच्या दप्तरात.
दुसरा वर्गात, खिळ्याला, कुलूप नाही.
झाडलोट शाळा भरायच्या आधी, पाणी मारून.
मैदानामागचं गाजर गवत फुलायच्या आत उपटावं.
मुलांकडून उपटून घेऊ नये.
हे शेवटचं खाली रेघ मारून.

समितीत एकाने विचारलं,
पंप हरवला तर जबाबदार कोण?
म्हटलं, पंप हरवला तर मी.
मग बराच वेळ पंखाच फिरत राहिला.

ठराव झाला. प्रायोगिक तत्त्वावर, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.
फटाके त्यानंतर.

उंडेंनी नव्या कुलपाचं बिल लावलंय,
एकशे चाळीस रुपये.
शेऱ्यात लिहिलंय: ‘जुने कुलूप नर्सबाईंमुळे निकामी.’
सही केली मी.