उघाडी

रबाळ्याला, रंगाच्या कारखान्यामागच्या गाळ्यात
माझा ड्रॉइंग बोर्ड होता.
हिराजी मढवी चपला दाराबाहेर काढून यायचे.
मी कितीदा सांगितलं, अहो, इथे सगळीकडे ऑइल आहे,
तरी काढायचेच.
हातात बिडीबंडलाचा कागद, त्यावर पेन्सिलीच्या चार रेघा.
"बाई, ह्या जरा सरल करून द्या."

सरळ करायचं म्हणजे
तीन बाजूंनी दाखवायचं, मधोमध कापून दाखवायचं,
प्रत्येक भागाला आकडा द्यायचा. दहा, बारा, चौदा,
मधले सोडून, नंतर काही सुचलं तर.
आणि माप कुठेच लिहायचं नाही.
पेटंटच्या चित्राला माप नसतं
एवढं मी त्यांना शिकवलं.
बाकी शिकले ती मीच.

पहिलं, डोळ्यांत दोनच थेंब सोडणारी बाटली.
बायकोला काचबिंदू, आणि तिचा हात कापायचा.
मग बॉयलरची झडप. ती कंपनीने घेतली,
घड्याळ दिलं, भिंतीवरचं.
मग एकदम कोंबड्यांचं पाण्याचं भांडं,
मग इन्व्हर्टरमधून वीज उलटी फिरू नये म्हणून एक सर्किट,
मग मंगल कार्यालयाचं दार,
ज्यातून जेवलेली माणसं बाहेर जातात
आणि न बोलावलेली आत येत नाहीत.
कामेरकर वकील चष्मा पुसत म्हणाले,
मढवी, तुमचं क्षेत्र तरी कोणतं?
हिराजींनी खिडकीबाहेर पाहिलं
आणि पत्ता विचारल्यासारखं सांगितलं, तळवली.

सातव्या अर्जावर सही हवी होती, ते कामावर आले नव्हते.
मी तळवलीला गेले. सून म्हणाली, बांधावर असतील.

तिवरांच्या मागे तेवढाच बांध उरला होता.
पलीकडून डंपर भराव टाकत होते,
सिडकोचे खांब रोवून झाले होते.
बांधाच्या पोटात एक भोक, भोकावर बाहेरून लटकवलेली
काळी, शेवाळलेली लाकडी फळी.
ओहोटी लागली की शेतातलं पाणी तिला ढकलून निघून जातं.
भरती आली की खाडीच तिला दाबून धरते,
खारं पाणी स्वतःच स्वतःला अडवतं.
कुणी राखण नको, दोरी नको, काही नको.
"बापाशीन बसवली," हिराजी म्हणाले,
"यान काय हाय बाई? फली हाय ती."

मी गुडघाभर चिखलात उभी,
आणि माझी बोटं आकडे घालायला लागली.
दहा, फळी. बारा, बिजागरी. चौदा, चौकट.
थेंबांची बाटली. झडप. कोंबड्यांचं भांडं.
सात वर्षं मी एकच आकृती काढत होते.

वकिलांचा ठरलेला प्रश्न असायचा,
हे आधी कुणाला माहीत होतं का?
आणि टेबलाच्या या बाजूने मीच म्हणायचे, नाही हो, कुणाला असणार.

हिराजींना कळलं होतं का, ते मी विचारलं नाही.
त्यांनी फळीला अडकलेली पिशवी काढली,
हाताने शेवाळ जरासं खरवडलं,
आणि पेन मागितलं.

आता तिथे बारा मजले आहेत, खाली गाड्या.
पेटंटांची फी भरायची राहिली, एकेक करून विझली.
ती बाटली हल्ली कुणीही बनवतं,
माझ्याही कपाटात एक आहे.

फक्त आठव्या अर्जाचं सांगते.
वकील म्हणायचे, मधल्या नावाचं आद्याक्षर पुरे,
चौकट लहान असते.
त्या दिवशी मी शाई नवी भरली
आणि शोधकर्त्याच्या रकान्यात सावकाश, सुटी सुटी अक्षरं काढली,
हिराजी पोशा मढवी.
"मढवी" चौकटीबाहेर गेलं थोडं.
जाऊ दिलं.