दोन मिनिटं भिजू दे

मस्कतला, घल्यात, आमच्या इमारतीमागे एकच कडुनिंब.
त्याच्याखाली जागा मिळावी म्हणून
नाइट ड्यूटी संपली की मी धावत सुटते.
सावली मिळते.
भाडं साळुंक्या वसूल करतात.

मरून रंगाची, नऊ वर्षं चाललेली यारिस.
मिनीमोल आणि तिचा नवरा कोट्टयमला परतले
तेव्हा हप्त्यांनी घेतलेली.
माझ्या नावावरची पहिली वस्तू.
(मिरजेचा प्लॉट भावाच्या नावावर आहे. हप्ते माझे.)

पहिल्याच आठवड्यात शिटल्या.
मी कोरड्या फडक्यानं, रागानं, खसाखसा पुसलं
आणि बॉनेटवर ओरखड्यांचं कोळिष्टक उमटलं,
फक्त उन्हात दिसणारं.
म्हणजे इथे, कायम दिसणारं.

गुलजमान पहाटे चारला येतो.
सतरा गाड्या, एक बादली.
म्हणाला, बाजी, पाखरू दाण्यासोबत खडे गिळतं,
तेच खडे तू रंगावर घासलेस.
आधी पाणी. मग ओला टिश्यू ठेव.
दोन मिनिटं भिजू दे.
मग उचल. पुसू नको, उचल.

मला हसू आलं. हे मला तू सांगतोस?
अकरा वर्षं बर्न्स वॉर्डात मी दुसरं काय करतेय?
चिकटलेली पट्टी ओढायची नाही,
सलाइननं ओली करायची,
माणूस छताकडे बघत असतो तेव्हा
त्याच्या गावाचं नाव विचारायचं
आणि तो सांगत असताना उचलायची.
कातडीसाठी येत होतं ते सगळं.
पत्र्यासाठी सुचलं नव्हतं.

तेव्हापासून दाराच्या कप्प्यात पाण्याची फुसफुस बाटली.
दर महिन्याला मेणाचा हात.
कव्हरही आणून पाहिलं.
वाऱ्यानं खाली धूळ शिरली
आणि रात्रभर ते गाडीला पॉलिशपेपरसारखं घासत राहिलं.
आता गच्चीवर त्याच्यावर कुरडया घालते.
तासाभरात वाळतात.

जुलैत एकदा नाइटला जोडून दिवस करावा लागला.
दुपारी दोनला खाली आले. सत्तेचाळीस अंश.
दाराला हात लावला आणि मागे घेतला.
पहाटेचा शिंतोडा बॉनेटवर शिजून बसला होता,
बाटलीतलं पाणी चहाला चाललं असतं.
भिजवला. दोन मिनिटं. अजून दोन.
उचलला, तर खाली डाग:
रुपयाएवढा, निस्तेज, कडेला सुरकुतलेला.
तापला की रंग सैल पडतो,
निवताना आकसतो,
आणि वर जे बसलंय त्याच्या बेतानं आकसतो.
हेही मला नवीन नव्हतं.
गुलजमाननं अंगठा फिरवला. म्हणाला, हा राहणार.

ऑगस्टात बलदियाची माणसं पिंजरे घेऊन आली.
ही इथली नव्हे, मुकादम सांगत होता, हिंदी आहे.
येते, घर करते, दुसऱ्यांची घरटी बळकावते.
सांगणारा चट्टग्रामचा होता.
शिडीला जागा हवी होती.
मी गाडी काढून दिली.

आठवडाभर बॉनेट स्वच्छ.
सवयीनं बाटली काढायची,
आणि हातात धरून उभी राहायची.
गुलजमान म्हणाला, चांगलं झालं ना?
म्हटलं, हो. झालं की.

नवव्या दिवशी वायपरच्या खाली, पत्र्यावर,
ताजा, पांढरा, मधे काळा ठिपका.
वर पाहिलं. पाल्यात पिवळी चोच.
तोंडात आख्खी मिरजेची शिवी आली.
दिली.
मग टिश्यू ओला केला, ठेवला,
घड्याळ बघत उभी राहिले,
आणि वेळ काढायचा म्हणून विचारलं,
गाव कुठलं गं तुझं?

तिनं मान वाकडी केली
आणि पुन्हा शिटली.
काचेवर.
काचेवर चालतं. काच डाग धरत नाही.