बेत

मानवतच्या मोंढ्यात माझं दुकान.
उत्तरेश्वर टेकाळे टीव्हीवर ज्या जाकिटात दिसतो, ते इथलं.
गळपट्टीत बकरम मीच घातलं, दुहेरी,
कारण तो म्हणाला, मान हलली तरी कॉलर हलू नये.

रात्री आठला तो चौकोनात येतो.
नावाखाली लिहिलेलं : राजकीय विश्लेषक.
मागं पुस्तकं. त्यातले निम्मे कुठल्या तरी सूतगिरणीचे
जुने वार्षिक अहवाल,
पुठ्ठा जाड, म्हणून मांडलेले.
"जनतेच्या मनात काय आहे," तो म्हणतो,
आणि चष्मा काढतो.
चष्मा काढला की पुढचं वाक्य खोटं,
हे तालुक्यात तिघांनाच माहीत होतं.
दोघं वारले.

पहिल्यांदा आला तो काही शिवायला नव्हता आला.
तेव्हा त्याच्याकडं एक स्कूटर,
आणि मतदारयादी, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा :
कोण कुणाचा साडू, कोण कुणाशी बोलत नाही,
वस्तीतला हातपंप कुणाच्या दारात.
"मास्तर, नाव काय तुमचं?"
"पाटी वाच की."
"पूर्ण सांगा."
माणिक दगडोबा सावंगीकर.
तो हसला. असं मी हसतो फक्त
ताग्याचा शेवटचा तुकडा बाहीला बरोबर पुरला की.

समोरचा उमेदवार होता
माणिकराव दत्तराव सावंगीकर.

मी फॉर्म भरला.
कामून भरला ते विचारू नका,
पिको-फॉलची मशीन घ्यायची होती.
अनामत त्याची, सूचक त्याचे, सही तेवढी माझी.
चिन्ह मिळालं शिलाई यंत्र.
"बघा मास्तर," तो म्हणाला, "देवानंच बेतलंय."
सभा नाही, पत्रक नाही,
चौदा दिवस मी लग्नसराईची ब्लाउजं शिवली
आणि दोन हजार एकशे सात माणसांनी मला मत दिलं.
माणिकराव पडले सोळाशे बावन्नानं.

आठवड्यानं ते स्वतः दुकानात आले.
चिडले नाहीत. पायजम्याला नाडी ओवून घेतली.
"सावंगी एकच," म्हणाले,
"आपले पणजे भाऊ असतील एखादेवेळी."
सुटे पैसे टेबलावर मोजून ठेवले.
मी दोनदा नको म्हणालो.

उत्तरेश्वर मोठा झाला.
लातूर, नांदेड, मग मुंबईच्या गाड्या यायच्या त्याला न्यायला.
चार आमदार आणि एक खासदार त्या यादीतून निघाले,
त्यातला एकही त्याच्या पोरीच्या लग्नाला पंगतीला बसला नाही.
मग लॅपटॉपवाली पोरं आली.
त्याच्या पेन्सिलीला ती डेटा म्हणाली
आणि वह्या मागून घेऊन गेली.
सहा महिने तो माझ्या बाकावर बसून
रस्त्यावरची माणसं नुसती मोजायचा.
मग चॅनेलचा फोन आला
आणि त्यानं पहिल्यांदा स्वतःचं माप दिलं.
छाती अडतीस. सांगितली चाळीस.

काल विषय निघाला सारख्या नावांच्या उमेदवारांचा.
"ही थट्टा आहे लोकशाहीची," उत्तरेश्वर म्हणाला,
"आणि उभं केलेल्या त्या बिचाऱ्याला
कळतसुद्धा नाही आपण कशासाठी उभे आहोत."
मी त्याच्या हाताकडं बघत होतो.
चष्मा नाकावर होता तसाच राहिला.

मशीनचा पाय थांबवून मी ऐकत राहिलो.
डावा मुंढा ओढत होता त्याचा,
खांदा उतरलाय, वयानं.
अर्धा इंच उसवून परत घ्यावं लागेल.
टीव्हीवर कुणाला दिसायचं नाही,
मला दिसतं.

दोन हजार एकशे सातांपैकी एकजण अजून येतो,
देवलगाव अवचारचा, नवी पँट आखूड करून घ्यायला.
"मास्तर," तो म्हणतो, "मी चुकून नव्हतं दाबलं.
तुम्हालाच दिलं होतं.
परत उभं राहा की."

मी खडू शोधत बसतो.
खडू कानावरच असतो.