आधी ऐकून घेतं

कासिमिरा आयाविरी पुनाताहून आली तेव्हा
तिची नाडी बत्तीस होती.
दोन ठोक्यांच्या मधे एवढी जागा
की मनगट धरून बसले आणि वाटलं, गेली.
मग एक आला,
उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा, दार न वाजवता.

भट्टीसमोर चक्कर येते, म्हणाली.
पाव काढताना दोनदा पडले.
वेणीचं जळलेलं टोक दाखवलं, हसत.

कोचाबांबात पुढचं विचारावं लागत नाही,
तरी विचारते: लहानपणी घर कशाचं होतं?
मातीचं. वर गवत.
भिंतीला भेगा?
भेगाच होत्या, मधे मधे भिंत.

त्या भेगांत विंचुका राहते.
रात्री झोपलेल्या पोराच्या तोंडावर उतरते,
पोटभर पिते,
आणि मागे जे सोडून जाते
ते चाळीस वर्षं अवाक्षर काढत नाही.
बसून तारा कुरतडतं.

तारा म्हणजे खऱ्या तारा नव्हेत.
हृदयाच्या उजव्या अंगाला, वर,
घेवड्याच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा.
त्याला कोणी शिकवलेलं नसतं.
आत मीठ झिरपत राहतं,
काठाशी आलं की सांडतं,
सांडलं की ठोका.
लगेच पुन्हा भरायला घेतं,
माणूस धावला तर भराभर, निजला तर सावकाश.
ती हाक खाली येते,
मधल्या उंबरठ्यावर किंचित अडते
(वरच्या कप्प्यांना रिकामं व्हायला तेवढा वेळ लागतो)
मग उतरते.

कासिमिराची हाक उंबरठ्यापर्यंत येत होती.
पलीकडे कोणालाच ऐकू जात नव्हती.
मालक परगावी गेल्यावर गडी कामं उरकतात
तसे खालचे कप्पे आपल्या अकलेनं चालले होते.
बत्तीस.

नवं यंत्र म्हणजे तिचे तीन वर्षांचे पाव.
आमच्या कपाटात जुनी असतात.
नॉर्वेतून खोक्यात येतात,
मेलेल्यांच्या छातीतून काढून, धुऊन,
कारण दहनाच्या भट्टीत ती फुटतात.

एकाला जागं केलं.
पडद्यावर आधीचा माणूस राहून गेला होता:
हालवार, जन्म १९४१. बाकी पुसलेलं.
रोज पहाटे साडेचारला वेग चढायचा,
साठावरून नव्वदवर.
मग एका मंगळवारी हालचाल थांबलेली.
आणि तरी पुढचे सहा दिवस, मिनिटाला साठ,
ते हाक मारत राहिलेलं.
उत्तर नाही.
जरा जोर लावून पुन्हा.
उत्तर नाही.

सहा दिवसांचं मी तिला सांगितलं नाही.

कोण होता? तिनं विचारलं.
पहाटे उठणारा.
पाववाला?
कोण जाणे. गाई असतील. टपाल वाटत असेल.
बरं, म्हणाली. थंडीतला माणूस,
भट्टीची सवय करावी लागेल त्याला.

मी सगळं पुसलं. एक बटण, दोनदा दाबायचं.

डॉक्टरांनी हासळीखाली खिसा केला,
शिरेतून तार सरकवली, टोक तळाशी टेकवलं.
लोकांना वाटतं हे यंत्र सारखं हाकत असतं.
नाही. आधी ऐकून घेतं.
एक सेकंद थांबतं.
आतून ठोका आला तर गप्प बसतं,
नाही आला तरच बोलतं.
माझ्या घरात असं कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्याकडे बघत तिनं विचारलं,
यातले माझे कुठले?
ज्याच्या आधी बारीक उभी रेघ, तो यंत्राचा.
रेघ नसलेला, मधेच उडी मारून आलेला, तो तुझा.
आम्ही दोघींनी मिनिटभर मोजले,
ती केचुआत, मी स्पॅनिशमधे.
अठ्ठावन्न त्याचे.

तीन माझे, म्हणाली,
आणि खाटेखाली चपला शोधायला लागली.